मुळाचे मोल

जासई येथील आमच्या चिकित्सालयात काही काळापूर्वी एक तरुण रुग्ण आला. कंटेनर यार्डात रात्रपाळीचे काम, त्यामुळे निद्रानाश, अग्निमांद्य व कार्श्य अशी त्याची तक्रार होती. नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहून आम्ही आहारविहार सांगितला आणि चिठ्ठीवर एक ओळ लिहिली : अश्वगंधा, रात्री, दुधातून. सहा आठवड्यांनी तोच रुग्ण पुन्हा समोर बसला तेव्हा त्याचे डोळे पिवळे झाले होते, मूत्र गडद होते आणि सर्वांगाला कंडू सुटली होती. रक्तपरीक्षणात बिलिरुबिन बरेच वाढलेले आढळले. विषाणूजन्य काविळीच्या तपासण्या नकारार्थी आल्या. मद्याचे व्यसन नव्हते, अन्य कोणते औषध चालू नव्हते.

त्याने पिशवीतून एक देखणी बाटली काढून मेजावर ठेवली. त्यावर ‘अश्वगंधा अर्क’ अशी अक्षरे होती व त्याखाली टक्केवारीचा एक मोठा आकडा होता. लवकर गुण यावा म्हणून सांगितलेल्या दोन कॅप्सूलऐवजी तो रोज चार घेत होता. आम्ही काही विचारण्यापूर्वीच तो म्हणाला, “डॉक्टर, तुम्हीच लिहून दिलं होतं ना? स्वस्तातलं नको म्हणून मी मुद्दाम महागातलं घेतलं.”

औषध तत्काळ थांबविले, रुग्णास यकृतविकारतज्ज्ञांकडे पाठविले, आणि सुमारे अडीच महिन्यांत तो पूर्ववत झाला. ही कावीळ त्या बाटलीमुळेच झाली असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही. त्या बाटलीत मूळ होते की पान, किती होते, त्यासोबत आणखी काय होते, हे जाणण्याचे साधनही नव्हते. परंतु एक गोष्ट निश्चित होती. ज्या द्रव्याची योजना आम्ही केली त्याचे रूप, अंग, कल्पना आणि मात्रा यांपैकी काहीही आम्ही ठरविले नव्हते. ते सर्व त्या रुग्णाने बाटलीच्या किमतीवरून ठरविले. मूळद्रव्याची परीक्षा हे वैद्याचे काम आम्ही नकळत रुग्णावर सोपविले होते. प्रस्तुत लेख हा त्या चुकीतून जन्मलेला आहे.

बंदराच्या सावलीत

जासई हे आमचे गाव एके काळी भातशेतीचे. उरण तालुक्याच्या या पट्ट्यात शेते आणि मिठागरे यांचीच वस्ती होती. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पाहता पाहता परिसराचे रूप पालटले. आज गावाभोवती कंटेनरांच्या राशी दिसतात. देशातून परदेशी जाणाऱ्या मालाचा मोठा भाग या बंदरातून जातो, व त्यात वनौषधी आणि त्यांचे अर्कही असतात.

या बंदराच्या निमित्ताने एक इतिहास स्मरणात ठेवण्याजोगा आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी, आणि आम्हीही, तो अहवाल केवळ द्वेषमूलक ठरवून बाजूस सारला. रसौषधींच्या शोधन-मारणाचा विचार त्यात नव्हता, ही आपली तक्रार अगदीच निराधार नव्हती. तथापि त्याचा परिणाम असा झाला की, केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून केवळ वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३ पीपीएम, पारा १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या कमाल मर्यादा ठरल्या.

म्हणजे परदेशातील ग्राहक मुळाच्या पोत्याबरोबर तपासणीचा कागद मागू लागला. आपण मात्र दुकानातून पाव किलो चूर्ण आणताना असा कागद क्वचितच मागतो. आमच्या दारावरून जाणाऱ्या कंटेनरातील अश्वगंधेची जेवढी चौकशी होते, तेवढीही आमच्या कपाटातील अश्वगंधेची होत नसेल, तर दोष कोणाचा?

भेषजपरीक्षा हा जुनाच पाठ

मूळद्रव्याची गुणवत्ता तपासणे ही प्रयोगशाळेने आपल्याला शिकविलेली नवी गोष्ट आहे, असा समज नव्या पदवीधरांत आढळतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय पुन्हा उघडून पाहावा. तेथे भेषजाची परीक्षा सांगताना आचार्यांनी द्रव्याची प्रकृती, गुण व प्रभाव यांच्या जोडीला ते कोणत्या देशात उत्पन्न झाले, कोणत्या ऋतूत व कसे गोळा केले, कसे साठविले, त्यावर कोणते संस्कार झाले आणि कोणत्या मात्रेत द्यावयाचे, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे मागितली आहेत. आज उत्तम कारखान्यातील गुणवत्ता विभाग कच्च्या मालाविषयी जे प्रश्न विचारतो, ते थोड्याफार फरकाने हेच आहेत.

कल्पस्थानात आचार्य ग्रहणकालही सांगतात. मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, पाने गळून गेल्यावर किंवा पूर्ण वाढल्यावर काढावीत. त्वचा, कंद व क्षीर शरद ऋतूत घ्यावे. शार्ङ्गधराने साठवणीची मर्यादा घातली आहे. सुके काष्ठौषध वर्षानंतर गुणहीन होते, चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, आणि गुटिका व अवलेह यांना वर्षाची मुदत आहे. त्याहून लक्षणीय असे की, नेहमी ओलीच वापरावीत व ओली असूनही दुप्पट घेऊ नयेत अशा द्रव्यांच्या यादीत त्याने गुडूची, वासा यांच्याबरोबर शतावरी आणि अश्वगंधा यांची गणना केली आहे. आज पूरक म्हणून सर्वाधिक विकली जाणारी ही दोन मुळे आपल्याकडे ओली येतच नाहीत. ती कोरडी, दळलेली, कधी वर्ष-दोन वर्षांची होऊन येतात. हा शास्त्र आणि व्यवहार यांतील अंतराचा पहिला धडा होय.

नाव एक, द्रव्ये अनेक

गुणवत्तेच्या प्रश्नाआधी ओळखीचा प्रश्न येतो. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा वापरतात, तर केरळात अल्पिनिया गॅलंगा. विदारी म्हणून औषधिकोशात प्युरेरिया ट्युबरोसा आहे, पण केरळात आयपोमिया मॉरिशियाना घेतात. सारिवेच्या नावाने दक्षिणेत डेकॅलेपिस हॅमिल्टोनायची जाडजूड मुळे विकली जातात, आणि त्यांचा सुगंध अनंतमुळाची आठवण करून देणारा असल्याने नवशिक्या वैद्य सहज फसतो. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, बोर्‍हाविया डिफ्यूजा. परंतु पोत्यात ट्रायन्थेमाचीही मुळे निघतात.

यांतील प्रत्येक उदाहरणात फसवणूकच असते असे नव्हे. काही ठिकाणी ती प्रादेशिक परंपरा असते, तर काही ठिकाणी मुळाची दुर्मिळता हे कारण असते. दशमुळातील बृहत्पंचमूळ घ्या. बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण या मोठ्या झाडझुडपांचे मूळ काढायचे म्हणजे झाडच उपटायचे. परिणामी बाजारातील दशमूळ भरडीत खोडाची साल आणि फांद्यांचे तुकडेच पुष्कळदा दिसतात. मुळाऐवजी साल घ्यावी की नाही, यावर विद्वानांत मतभेद असू शकतात व वृक्षरक्षणाच्या दृष्टीने सालीच्या बाजूने बोलणारे चुकीचे नाहीत. परंतु पुडीवर ‘मूळ’ लिहावे आणि आत साल द्यावी, हे कोणत्याही पक्षास मान्य होण्यासारखे नाही. जे द्रव्य आहे त्याचे नाव व अंग स्पष्ट लिहिलेले असणे, ही गुणवत्तेची पहिली पायरी होय.

अंगाचा प्रश्न : मूळ की पान?

अश्वगंधेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. आपल्या ग्रंथांत व औषधिकोशात बृंहणासाठी प्रयोज्य अंग म्हणून मूळच येते. पाने स्वस्त असतात, कारण पीक काढताना ती फुकटात पडलेली असतात. शिवाय पानांत विथाफेरिन-ए हा घटक मुळापेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणून अर्कावरील टक्केवारी फुगविण्यासाठी पानांचा अर्क मिसळणे हा सोपा मार्ग ठरतो. ग्राहकास मोठा आकडा दिसतो, आणि त्याला वाटते की आपण अधिक प्रभावी मूळ विकत घेतले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांना अश्वगंधेची पाने वापरू नयेत, अशी सूचना दिली. त्यापूर्वी २०२० साली आइसलँड व अमेरिका येथील पाच रुग्णांत अश्वगंधा उत्पादनांच्या सेवनानंतर झालेल्या यकृतविकाराचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात आले होते. २०२३ साली डेन्मार्कने तर अश्वगंधेवर बंदीच घातली. या निर्णयांतील सर्वच युक्तिवाद आपल्याला पटतील असे नाही. शेकडो वर्षांच्या वापराचा अनुभव आपल्या पाठीशी आहे. पण तो अनुभव मुळाचा आहे, दुधातुपासह दिलेल्या चूर्णाचा आहे, वैद्याने प्रकृती पाहून ठरविलेल्या मात्रेचा आहे. अज्ञात अंगाच्या, अज्ञात द्रावकाने काढलेल्या अर्काला त्या अनुभवाची ढाल देता येणार नाही. आमच्या रुग्णाच्या बाटलीवर प्रयोज्य अंग कोठेही लिहिलेले नव्हते, हे आम्ही त्या दिवशी प्रथमच वाचले.

डोळा, जीभ आणि हात

आता चिकित्सालयात करता येण्याजोग्या परीक्षेकडे वळू. पहिला नियम असा की, शक्य तेथे अखंड मूळ विकत घ्यावे. चूर्णाला रूप उरत नाही; रूप गेले की अर्धी परीक्षा गेली.

अश्वगंधेचे मूळ सरळ, बहुधा विनाशाखा, बाहेरून पिवळट करडे व उभ्या सुरकुत्यांचे असते. मोडले असता ते चटकन तुटते आणि आतील भाग पांढुरका व पिठूळ दिसतो. चव कडवट व किंचित तिखट असते, आणि नावाला साजेसा उग्र गंध येतो. मोडताना तंतू ओढले गेले, आतला भाग लाकडासारखा निघाला, तर ते मूळ जून किंवा रानटी झाडाचे समजावे. आपल्याकडे रानात उगवणारी आसंध किंवा ढोरगुंज हीच वनस्पती असली, तरी लागवडीखालील नागोरी मुळापेक्षा तिचे मूळ अधिक तंतुमय असते. पोत्यात मुळाबरोबर खोडाचे बुंधे किती आहेत, हेही निवडून पाहावे. औषधिकोशानुसार विजातीय द्रव्य २ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. अर्धा किलो मुळे वर्तमानपत्रावर पसरून खडे, माती, खोड वेगळे काढावे व तोलावे. १० ग्रॅमहून अधिक निघाले तर माल परत करण्यास संकोच करू नये.

शतावरीची मुळे दोन्ही टोकांना निमुळती, मलईच्या रंगाची, उभ्या सुरकुत्यांची व चवीला गोडसर असतात. अतिशय काळपट, बुरशीचा वास येणारी किंवा चिकटून गोळा झालेली मुळे नाकारावीत. काही ठिकाणी सोललेली, काही ठिकाणी सालीसह, काही ठिकाणी मधली शीर काढलेली शतावरी मिळते. यांचे भाव वेगळे असतात, म्हणून तुलना करताना समान प्रतीचीच करावी.

बाजारात मध्य प्रदेशातील नीमच ही अश्वगंधेची मोठी पेठ. तेथे जाड, लांब, टणक आणि आत पांढरेशुभ्र मूळ उच्च प्रतीचे गणले जाते व बारीक, पोकळ, पिवळट तुकडे हलक्या प्रतीत जातात. ही प्रतवारी व्यापाऱ्याच्या दृष्टीने योग्यच आहे. तथापि ती मुळातील पिष्टाचा भरीवपणा आणि दिसणे मोजते. वीर्य मोजत नाही. जाड मुळास जास्त दाम पडतो म्हणून ते अधिक गुणकारी असते, असे समीकरण मांडू नये.

चूर्णच घ्यावे लागले तर चमचाभर चूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून स्थिर होऊ द्यावे. तळाशी जड, करकरीत थर बसला तर वाळू-माती समजावी. चिमूटभर चूर्ण दाढेखाली धरले तरी तेच कळते. काही वैद्य आयोडीनचा थेंब टाकून पिठाची भेसळ ओळखू पाहतात. अश्वगंधेबाबत ही कसोटी निरुपयोगी आहे, कारण तिच्या मुळात निसर्गतःच पिष्ट भरपूर असल्याने शुद्ध चूर्णही निळेच होणार.

याहून पुढची परीक्षा प्रयोगशाळेची. औषधिकोशाप्रमाणे अश्वगंधेची एकूण राख ७ टक्क्यांहून अधिक नसावी आणि मद्यार्कात विद्राव्य अंश किमान १५ टक्के असावा. राख वाढली की माती वाढली, आणि विद्राव्य अंश घटला की मूळ जुने, निःसत्त्व किंवा आधीच अर्क काढून घेतलेले असण्याचा संभव वाढला. हा शेवटचा प्रकार विशेष लबाडीचा आहे. अर्क काढून उरलेला चोथा वाळवून पुन्हा दळला तर तो डोळ्यांस चूर्णच दिसतो. या दोन चाचण्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण किंवा रसशास्त्र विभागात त्या सहज होण्याजोग्या आहेत.

ऋतू आणि ओलावा

पनवेल तालुक्यातील एका ठाकूरवाडीतून एक वृद्ध मावशी आमच्याकडे अधूनमधून शतावरी आणतात. एका वर्षी श्रावणात आम्हांस तातडीने मुळे हवी होती, निरोप पाठविला. मावशी रिकाम्या हाताने आल्या व म्हणाल्या, “आता नको, डाक्तर. पावसात खणली ती नुसती पाण्याची. वाळवली की सालच उरते.” आम्ही जास्त पैसे देऊ केले तरी त्या बधल्या नाहीत. माघ उलटल्यावर त्यांनी मुळे आणली, आणि सहज सांगितले की झुबक्यातील काही मुळे त्यांनी जमिनीतच राखली आहेत, म्हणजे वेल पुन्हा फुटेल. चरकाचे कल्पस्थान त्यांनी वाचलेले नाही. परंतु भेषजग्रहणाचा नियम त्या पाळतात, आणि तो मोडण्यासाठी मोह दाखविणारे त्या दिवशी आम्ही होतो.

कोकणपट्टीतील हवेचा विचार येथे वेगळा करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या बरणीतील चूर्ण आठवड्याभरात गुठळ्या धरते. बुरशी डोळ्यांस दिसण्यापूर्वीच तिचे विष द्रव्यात उतरलेले असू शकते. म्हणून आम्ही आता पावसाळ्यापूर्वी अखंड मुळे उन्हात कडकडीत वाळवून हवाबंद डब्यांत भरतो, डब्यावर खरेदीचा महिना लिहितो आणि लागेल तसे दोन महिन्यांपुरतेच चूर्ण करून घेतो. शार्ङ्गधराची मर्यादा पाळण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस सापडलेला नाही.

किंमत आणि मोल

आता रुग्ण नेहमी विचारतो त्या प्रश्नाकडे येऊ : डॉक्टर, हे घेऊ की ते? उत्तरासाठी साधा त्रैराशिकाचा हिशेब पुरतो.

समजा, ५०० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल असलेली बाटली ३०० रुपयांस मिळते आणि त्यात केवळ मुळाचे चूर्ण आहे. म्हणजे ३० ग्रॅम चूर्ण. एका ग्रॅमला १० रुपये पडले. अश्वगंधाचूर्णाची औषधिकोशातील मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. रोज किमान ३ ग्रॅम द्यावयाचे तर सहा कॅप्सूल लागतील, बाटली दहा दिवसांत संपेल आणि दिवसाला ३० रुपये खर्च येईल. हेच चूर्ण समजा १०० ग्रॅमला १५० रुपये दराने मिळाले, तर दिवसाचा खर्च साडेचार रुपये. बाटलीवर ‘रोज दोन’ असे लिहिलेले असते; म्हणजे रुग्णाच्या पोटात एकच ग्रॅम जाते. तो महिनाभर औषध घेतो, गुण येत नाही, आणि दोष अश्वगंधेच्या माथी बसतो.

अर्काचा हिशेब निराळा. १० : १ अर्काची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे ५ ग्रॅम मुळाइतकी, असा दावा असतो. अशा ६० कॅप्सूलची बाटली समजा ९०० रुपयांची असली, तरी ती ३०० ग्रॅम मुळाची बरोबरी सांगते. म्हणजे ग्रॅमला ३ रुपये. वर महाग दिसणारी बाटली हिशेबात त्या स्वस्त बाटलीपेक्षा स्वस्त निघाली! मात्र दावा खरा असेल तरच. मद्यार्कात मुळाचा किमान १५ टक्के अंश विरघळतो, म्हणजे सरळ काढलेल्या अर्काचे प्रमाण साधारण ७ : १ च्या आसपास येते. १० : १ हे संभवनीय आहे. परंतु ५० : १ किंवा १०० : १ असे आकडे दिसले, तर तो समग्र मुळाचा सार राहिला नसून एखादाच अंश निवडून काढलेला आहे, किंवा तो आकडा केवळ जाहिरातीचा आहे, हे ओळखावे. शिवाय अर्काची भुकटी सुटी राहावी म्हणून माल्टोडेक्स्ट्रिनसारखे वाहक मिसळतात. त्याचे प्रमाण विचारावे. टक्केवारी कोणत्या पद्धतीने मोजली तेही विचारावे, कारण वजनी पद्धतीने काढलेला विथॅनोलाइडांचा आकडा एचपीएलसीने काढलेल्या आकड्याहून मोठा येतो.

वेष्टनावरील परवाना पाहण्याची सवय तर सर्वांनीच लावून घ्यावी. आयुर्वेदीय औषध असेल तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील उत्पादन परवाना क्रमांक त्यावर असतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. ‘पूरक’ म्हणून विकले जाणारे उत्पादन मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांखाली येते आणि त्यावर औषधी उपयोगासाठी नसल्याचे लिहिणे बंधनकारक आहे. दोन्ही बाटल्यांवर अश्वगंधेचेच चित्र असते. पण ज्यावर स्वतः उत्पादकच ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापतो, ते चिकित्सेत औषध म्हणून लिहून देणे कितपत उचित, याचा विचार प्रत्येक वैद्याने करावा.

मुसळीचा धडा

किंमत म्हणजे मोल नव्हे, हे महाराष्ट्राने एकदा फार महाग शिकून घेतले आहे. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. बोरिवलीच्या रानावरून पडलेले हे नाव. आमच्या खाडीपलीकडचीच ही वनस्पती. गेल्या शतकाच्या अखेरीस व या शतकाच्या आरंभी तिच्या लागवडीची लाट आपल्या राज्यात उसळली. पुनर्खरेदीच्या हमीवर शेतकऱ्यांनी महागडी रोपे घेतली, काहींनी कर्ज काढले. पुढे भाव कोसळला आणि अनेकांचे कंबरडे मोडले.

त्या लाटेत मुसळीचा चढा भाव तिच्या गुणांमुळे जितका होता, त्याहून अधिक लागवडीसाठीच्या बेण्यामुळे होता. एक शेतकरी दुसऱ्याला बेणे विकत होता. औषध म्हणून सुके मूळ कोण घेणार, किती घेणार, कोणत्या कसोटीवर घेणार, हे फारच थोड्यांनी विचारले. मुळाची शुभ्रता पाहून भाव ठरत होता. वैद्यवर्गाने त्या वेळी पुढे येऊन कसोट्या सांगितल्या असत्या, वार्षिक गरजेचा प्रामाणिक अंदाज दिला असता, तर सगळे नुकसान टळले असते असे नाही. पण आपण गप्प राहिलो, हे मान्य केले पाहिजे. आज अश्वगंधेच्या बाबतीत अशीच हवा आहे. २०२० च्या साथीनंतर तिची मागणी वाढली, आणि मागणी वाढली की पाने, खोडे, चोथा हे सारे ‘मूळ’ होऊ लागते.

आम्ही काय बदलले

त्या रुग्णानंतर आमच्या चिठ्ठीचे स्वरूप बदलले आहे. आता आम्ही केवळ ‘अश्वगंधा’ असे लिहीत नाही. ‘अश्वगंधा मूळ, चूर्ण, ३ ग्रॅम, रात्री, कोमट दुधातून, सहा आठवडे, नंतर दाखविणे’ इतके लिहितो. पूर्वी कावीळ झालेली असेल, यकृताचा विकार असेल, किंवा थायरॉइडची वा झोपेची औषधे चालू असतील, तर ते आधी विचारतो. गर्भिणीस देत नाही. डोळे पिवळे दिसणे, मूत्र गडद होणे, अंग खाजणे यांपैकी काही घडल्यास औषध थांबवून त्याच दिवशी यावे, हेही सांगतो. रुग्णाने स्वतः बाटली आणली असेल तर ती वाचून, प्रयोज्य अंग, प्रमाण, परवाना व तारीख यांवर खूण करून मगच होकार किंवा नकार देतो. यास पाच मिनिटे लागतात.

मूळ विकत घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारतो : हे कोणत्या वनस्पतीचे, कोणते अंग, कोठून आले, केव्हाचे आहे? प्रारंभी दुकानदार हसत असे. आता पोते आले की तो स्वतःहून महिना सांगतो, कारण आम्ही परत केलेला माल त्याच्या लक्षात राहिला आहे.

एकट्या वैद्याने प्रत्येक पोत्याची राख काढणे शक्य नाही. परंतु एका तालुक्यातील दहा वैद्यांनी मिळून वर्षातून दोनदा एकत्र खरेदी केली, एका नमुन्याची परीक्षा करून घेतली आणि खर्च वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्यास तो फार येत नाही. उरण व पनवेल परिसरातील काही सहकाऱ्यांशी आम्ही असे बोलणे सुरू केले आहे. अन्य शाखांनीही हा प्रयोग करून पाहावा व त्याचे अनुभव याच अंकांतून मांडावेत, अशी विनंती आहे.

तो तरुण अजूनही आमच्याकडे येतो. झोपेसाठी त्याला पादाभ्यंग, रात्रपाळीनंतरचा आहार आणि वेळेचे नियम एवढ्यावरच ठेवले आहे. मागील भेटीत त्याने विचारले, “डॉक्टर, ती अश्वगंधा वाईट असते का?” आम्ही कपाटातील डबा काढून एक मूळ त्याच्या हातात दिले, मोडावयास सांगितले, वास घ्यावयास सांगितले. त्याने नाक मुरडले व म्हणाला, “त्या बाटलीला असा वास अजिबात नव्हता.”